दिवाणजींचं उचंत खातं

कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेतले एक गृहस्थ, वय ६६. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात ४४ वर्षं दिवाणजी होते. २०२३ च्या मार्चअखेर वर्षाची खाती बंद केली, नव्या पोराच्या हाती किल्ल्यांचा जुडगा दिला आणि घरी आले. गल्लीत त्यांना अजून दिवाणजीच म्हणतात, म्हणून इथंही तेच नाव ठेवते. बाकी ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदललेत. लिहायची परवानगी त्यांनी दिली, तीही लेखी, तारीख घालून. वर रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा का, असंही विचारलं.

तक्रार त्यांची नव्हतीच, त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची होती. "बाई, ह्यांस्नी झोपच न्हाई बघा. तीनला उठून बसत्यात. अंधारात बोटं मोजत्यात." डॉक्टरांना दाखवून झालं होतं. रक्तदाब ठीक, साखर किंचित वर, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी रमवा. आता मन रमवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे डॉक्टर सांगत नाहीत.

मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यापासून पेठेतल्या चार-सहा जणांना रोज थोडं लिहायची सवय लावून देते. क्लास वगैरे नाही, फी नाही. करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलायला गेलं की तिथं कोण ना कोण भेटतं, त्यातूनच हे सुरू झालं. ती संस्था १८५० सालची, म्हणजे तिथं माणसं एकमेकांना काय वाचू आणि काय लिहू विचारतायत त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. काकूंनी मला तिथंच गाठलं.

मी पहिल्याच भेटीत चूक केली. "मनात येईल ते लिहा," म्हणाले. ज्याला लिहायची सवय नाही त्याला हे सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला रंकाळ्याच्या काठावर नेऊन "पाण्यात मजा करा" म्हणणं आहे. पण त्या वेळी मला ते फार मोकळं, फार उदार वाटलं होतं.

आठवड्यानं ते डायरी घेऊन आले. मुलगा एमआयडीसीत आहे, त्याच्या कंपनीनं वाटलेली, जाड पुठ्ठ्याची, पानापानावर तारीख छापलेली. पहिलं पान असं होतं : "आज प्रातःकाळी सूर्यनारायणाच्या दर्शनाने मन प्रफुल्लित झाले. कौटुंबिक वातावरण समाधानाचे आहे. वेळेचे महत्त्व प्रत्येकाने ओळखले पाहिजे." मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. हा माणूस असा बोलत नाही. हा माणूस चहा गार झाला तर "पाणी प्यायलोय" म्हणतो. सूर्यनारायण कुठून आला? आमच्यासारख्या बायांनी चौथीत 'माझा आवडता ऋतू' लिहून घेतला त्यातून आला. लिहायचं म्हटलं की मराठी माणूस पहिल्यांदा निबंध लिहितो, आणि पन्नास वर्षांनीही मार्क पडतील या बेतानं लिहितो.

त्या डायरीत दुसरी एक खोड होती, ती छापलेल्या तारखेची. धावपळीच्या दिवशी पान पुरत नाही आणि रिकाम्या दिवशी ते संपत नाही. मधे लग्नकार्यात दिवस बुडाले की ती कोरी पानं थकबाकीच्या नोटिशीसारखी समोर येतात. दिवाणजींचे ११ दिवस बुडाले, भाचीचं लग्न होतं. दुसरा कोणी असता तर डायरी बाजूला पडली असती. हे रविवारी बसले आणि एका बैठकीत अकरा पानं मागच्या तारखांनी भरून काढली. "कीर्द कोरी ठेवायची नसते, बाई." कीर्द म्हणजे रोजची हिशेबवही. अकराही पानांवर कौटुंबिक वातावरण समाधानाचं होतं.

तेव्हा मी त्यांना लंडनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक साधी नवी सवय लावायला सांगितली आणि ती आपसूक व्हायला किती दिवस लागतात ते पाहिलं. २०१० मध्ये ते छापून आलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. शिवाय एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा तसा खंड पडत नाही, हेही दिसलं. मला त्यांना चुकलेल्या दिवसाचं सांगायचं होतं. त्यांनी ऐकलं वेगळंच. "अठरा ते दोनशे चोपन्न? मग मधला आकडा सांगून काय उपेग न्हाई, बाई. ह्यात गिऱ्हाईक फसतंय." हिशेबनीस माणसाशी बोलताना हे सोसावं लागतं, आणि त्यांचं खोटंही नव्हतं. हल्ली जो तो २१ दिवसांत सवय लागते असं छातीठोक सांगतो, त्याच्यापेक्षा त्यांचं म्हणणं बरं.

मधे मुलीनं पुण्याहून फोनवर सुचवलं की रोज पाच चांगल्या गोष्टी लिहा. नवव्या दिवशी यादी अशी होती : पाणी आलं. लाईट होती. पाणी जोरात आलं. जेवण झालं. लाईट गेली नाही. या पद्धतीमागचा एमन्स आणि मॅकलो यांचा २००३ चा अभ्यास मी काढून पाहिला, तर त्यातल्या पहिल्या प्रयोगात माणसं आठवड्यातून एकदाच लिहीत होती, दहा आठवडे. रोजचं पंचक लावलं की कृतज्ञतेचंही हजेरीपत्रक होतं. ते बंद केलं.

खरी सुरुवात झाली ती ऑक्टोबरात. मला काही सुचत नव्हतं, म्हणून नुसतं विचारलं, दुकानातला एक दिवस तुम्ही कसा लिहायचा ते दाखवा तरी. त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. लांबट, लाल कापडी बांधणीची, दोऱ्यानं शिवलेली, कोऱ्या पानांची. त्यात रकाने आखलेले नसतात. पानाला उभ्या घड्या घालतात, त्याच रेघा. वर मधोमध 'श्री', खाली तिथी आणि तारीख. डावीकडं जमा, म्हणजे आलेलं; उजवीकडं नावे, म्हणजे गेलेलं. सुरुवातीला कालची शिल्लक, शेवटी आजची. ते बोटानं दाखवत होते आणि त्यांचा आवाजच बदलला होता. सहा महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मी म्हणाले, मग आजचा दिवस असाच लिहा की.

"दिवसाला जमा-नावे?"

"का, दिवसाला नसतंय काय?"

लगेच सुरू करायला ते तयार नव्हते. नवी वही पाडव्याला उघडायची असते. तोवर महाद्वार रोडवरून तसलीच लाल वही आणून ठेवली, नेहमीच्यापेक्षा लहान. १४ नोव्हेंबर २०२३, दिवाळी पाडवा. याच दिवशी यार्डात नव्या गुळाच्या सौद्याचा मुहूर्त होतो, ओळीनं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मांडलेल्या असतात, पेढे वाटले जातात. ४४ वर्षांत पहिल्यांदा ते तिथं नव्हते. घरी वहीला हळदीकुंकू वाहिलं आणि लिहिलं :

"श्री. बलिप्रतिपदा. जमा : हिच्या हातच्या करंज्या ४. यार्डातून फोन २, दोघंही जुने. नातू मांडीवर बसून वही बघत होता, शाई सांडली नाही. नावे : ओवाळणी रु. ५०१, हिला. मुहूर्ताला गेलो नाही. सकाळी ७ ते ९ काय करावे कळेना. शिल्लक : बरी."

एवढंच. मी ते तीनदा वाचलं. 'मनातलं लिहा' म्हणून सहा महिन्यांत जे आलं नव्हतं ते 'नावे'च्या बाजूला एका ओळीत येऊन बसलं होतं, ओवाळणीच्या पाचशे एक रुपयांच्या खाली. मला तर वाटतं, ते ओवाळणीच्या खाली होतं म्हणूनच लिहिता आलं. 'सकाळी ७ ते ९ काय करावे कळेना' हे वाक्य या माणसानं दुसऱ्या कुठल्याच आकारात लिहिलं नसतं, आणि बोलून तर कधीच दाखवलं नसतं.

यावरून मी पुढं बाकीच्यांनाही लिहितं करताना आधी विचारायला लागले की तुम्ही आजवर हातानं काय काय लिहिलंय. किराण्याची यादी, शाळेचं टाचण, देवाच्या वहीतला जप, दुधाचा हिशेब, पाहुण्यांना पत्रं. शिवणकाम करणारी एक बाई मापं लिहायच्या वहीतच उलट्या बाजूनं लिहिते, गिऱ्हाइकाच्या मापाखाली त्या दिवशी तिला काय वाटलं ते. चांगली वही आणि भारी पेन याचं मला कौतुक कमीच. शाईचं पेन आणून दिलेल्या दोघांनी शाईच जास्त जपली.

दोन-तीन आठवड्यांत दिवाणजींना गोडी लागली. पण ती लिहिण्याची म्हणावी की बघण्याची, हे मला नक्की सांगता येणार नाही. "दिवसभर जमेला काय मिळतंय ते बघत हिंडतो," म्हणाले. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायची त्यांची जुनी सवय. समोर म्हैस पिळतात आणि फेसासकट पेला हातात देतात. तिथली एक नोंद मी त्यांना विचारून उतरवून घेतली. ही भाषाही बघा, सूर्यनारायणापासून कुठवर आली ती :

"आज गंगावेशीत दूध पिताना जुना तोलाईदार भेटला. मला म्हनला, दिवाणजी, तुमी म्हातारं झालासा. मी म्हनलो, तू बी. दोघंबी खरं बोललो. दुधाचं पैसं त्येनं दिलं. जमा."

भाषा अशी उतरली त्याला कारण काकू. लिहून झाल्यावर ते वाचून दाखवायचे आणि काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "असं कुठं बोलला त्यो? त्यो म्हनला असंल, म्हातारं झालासा." मग ते खोडून जसं बोललं तसं लिहायला लागले. मी शुद्धलेखनाची बाई. पहिल्या दोन वेळा माझा हात शिवशिवला. तिसऱ्यांदा मीच म्हणाले, अनुस्वार राहू देत.

झोपेचं अजून जागेवर आलं नव्हतं. रात्री साडेनऊला, बातम्या झाल्या की ते लिहायचे. लिहून बरं वाटायचं, पण तीनला डोळे उघडायचेच. याबद्दल शोधताना मला बेलर विद्यापीठातला २०१८ चा एक प्रयोग सापडला. मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं. अर्ध्यांनी उद्या-परवाची राहिलेली कामं लिहायची, अर्ध्यांनी झालेली. राहिलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईनं लिहिलेली तितकी लवकर. तरुण, धडधाकट माणसं, प्रयोगशाळेतली एक रात्र. त्यावरून ६६ वर्षांच्या माणसाला नियम लावणं शहाणपणाचं नाही. पण आमचे दिवाणजी नेमकी दुसऱ्या गटासारखी, झालेल्या दिवसाची उजळणी अंथरुणावर जायच्या तोंडावर करत होते. बदलून बघायला पैसे लागत नव्हते.

म्हणून जमा-नावे सकाळवर ढकललं, चहानंतर. रात्री फक्त 'उद्या' एवढाच मथळा आणि खाली टाचण : लाईट बिल. दळण. नातवाच्या चपलेचा अंगठा शिवणे. छत्री दुरुस्तीवाला बिंदू चौकात बसतो का बघणे. महिन्यानं काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता चारला उठत्यात." एक तासाची सुधारणा. पुढं संक्रांतीनंतर बऱ्याचशा रात्री सलग झोप लागायला लागली, पण त्याचं सगळं श्रेय मी वहीला देणार नाही. त्याच सुमाराला त्यांनी पंचगंगा घाटापर्यंत रोज चालत जायला सुरुवात केली होती आणि रात्रीचा चहा बंद केला होता.

एक प्रसंग घरचा. नातू दुसरीत, नुकताच भरभर वाचायला लागलेला. रात्री जेवायला सगळे बसलेले असताना त्यानं वही आणून मोठ्यानं वाचली : "नावे : सूनबाईंची आमटी. मीठ." सून काही बोलली नाही. तिनं नुसती वाटी उचलून आत ठेवली. पुढचे तीन आठवडे वहीत सुनेच्या हातचा प्रत्येक पदार्थ जमेला होता, अगदी खिचडीसुद्धा. मी ते वाचून म्हणाले, दिवाणजी, ही वही आता तुमची राहिली नाही, ही घरातल्यांना दाखवायची वही झाली. त्यांनाही ते ठाऊक होतं. मग त्यांनी एक पद्धतशीर गोष्ट केली. सगळ्यांना बसवून सांगितलं की हे माझं खासगी दप्तर आहे, ह्याला कोणी हात लावायचा नाही. जुनं उतरत्या झाकणाचं लाकडी डेस्क माळ्यावरून काढलं, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. सुनेनं त्या दिवशी मुद्दाम अळणी आमटी केली होती म्हणे. सगळे हसले, आणि विषय मिटला.

वही सापडू शकते ही धास्ती असेल तर माणूस खोटं लिहितो, किंवा खरं तर गुळगुळीत लिहितो. सुरुवात करणाऱ्याला मी आता वहीच्या आधी जागा विचारते. कुठं ठेवणार?

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते यापुढच्या भागानं.

जानेवारी २०२४ च्या अखेरीला दिवाणजींनी आपणहून महिन्याचा ताळेबंद काढला. दर दिवसाची शिल्लक 'बरी', 'ठीक', 'कमी' अशी शब्दांत होती. तिला त्यांनी आकडे दिले आणि बेरीज मारली. नावे जास्त निघालं, अकरानं. दोन दिवस माणूस उदास. संक्रांतीपासून चांगली झोप लागलेली, नातवाबरोबर रोज फिरणं चाललेलं, आणि एका बेरजेनं सांगितलं की महिना तोट्यात गेला. ज्या आकारानं त्यांना लिहितं केलं होतं तोच आता अंगावर आला होता. दोष माझाही होता. जमा-नावेचं मला इतकं कौतुक वाटलं होतं की त्याच्यापुढं ताळा, म्हणजे दोन्ही बाजू जुळवून बघणं, येतो, हे ध्यानातच आलं नाही. हिशेब लिहिणारा माणूस तो जमवल्याशिवाय उठत नाही.

मी विचारलं, दुकानात ताळा नाही जमला तर काय करायचा? रात्रभर बसायचा?

"बसायचो की. न्हाईच सापडलं तर उचंतला टाकायचं."

उचंत खातं म्हणजे ज्या रकमेचा खुलासा अजून मिळालेला नाही ती तात्पुरती ठेवायची जागा. कोणाची तरी रक्कम येते, नाव कळत नाही; ताळ्यात फरक येतो, कारण सापडत नाही. ती उचंतला लिहायची आणि पुढचं काम सुरू करायचं. खुलासा मिळेल तसं तिथून काढून ज्याच्या त्याच्या खात्याला न्यायचं. हिशेब तपासनीसांना हे खातं फार फुगलेलं आवडत नाही, पण त्याच्याशिवाय कुठलंच दुकान चालत नाही, असं दिवाणजी म्हणाले. आणि म्हणता म्हणता गप्प झाले. दुसऱ्या दिवशी वहीच्या शेवटच्या चार पानांना घडी घालून त्यांनी वर लिहिलं : उचंत.

तिथल्या पहिल्या नोंदी बारीकसारीक होत्या. "ही माहेरी जायचे का टाळते, विचारले नाही." "थोरल्या भावाशी बोलणे बंद, २०११ पासून. कारण दोघांनाही सांगता येणार नाही." "नोकरी सोडताना मालकांनी हात जोडले. मी का जोडले नाहीत." ताळेबंद काढणं त्यांनी आपणहून सोडलं. जे जमेतही बसत नाही आणि नावेतही बसत नाही त्याला जागा मिळाल्यावर बाकीच्या पानांवर सुटसुटीतपणा आला, थट्टा आली. मार्च ते जून हे त्यांचे सर्वांत मजेचे महिने. आंब्याच्या पेट्यांचे भाव, जोतिबाच्या यात्रेहून गुलालानं माखून परतलेला शेजारी, नातवानं विचारलेले प्रश्न ओळीनं. रविवारी दूध पिऊन आले की मागची पानं वाचत बसायचे आणि एकटेच हसायचे.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगा चढली. कोल्हापुरात त्या दिवसांत घराघरांत एकच आकडा विचारला जातो, राजाराम बंधाऱ्यावर किती? ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. दिवाणजी रोज पातळी लिहीत होते, सकाळची आणि संध्याकाळची. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर गेली होती, ती धास्ती पेठेच्या अंगातून अजून गेलेली नाही. या वेळी पाणी धोक्याच्या पातळीवर गेलं त्या रात्री त्यांनी घरातली कागदपत्रं माळ्यावर हलवली. एका पत्र्याच्या पेटीत १९९४ ची खिशातली टाचणवही सापडली.

दोन दिवसांनी ते माझ्याकडं आले. बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

१९९४ चा सीझन, पाडव्यानंतरची गर्दी. संध्याकाळी गल्ला मोजला तर वहीतल्या शिलकेपेक्षा ३,६०० रुपये कमी. त्या दिवशी बँकेत पैसे घेऊन एक हमाल गेला होता. मालकांनी त्याला विचारलं, मग चारचौघांत विचारलं. त्यानं शपथा घेतल्या. आठवड्यानं तो यायचा बंद झाला. पुढं फाल्गुनात एक शेतकरी आपली हिशेबपट्टी घेऊन आला. त्याला दिले होते ७,३२० आणि दिवाणजींनी लिहिले होते ३,७२०. त्यांनी दुरुस्तीची नोंद टाकली, बारीक अक्षरात. मालकांनी न वाचता सही केली. कोणी काही विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही.

यातला बारकावा मला त्यांनीच समजावला. आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नेहमी नऊनं भाग जातो. ७,३२० वजा ३,७२० म्हणजे ३,६००, नऊ चोक छत्तीस. फरकाला नऊनं भाग गेला तर पहिली शंका आपल्या लेखणीची घ्यायची, हे प्रत्येक दिवाणजीला पहिल्या वर्षी शिकवतात. "मी करूनच बघितलं न्हाई, बाई. समोर मानूस हुता न्हवं संशय घ्यायला."

तीस वर्षं. तीनला उठून अंधारात बोटं मोजणं याच्यामुळं होतं का, हे मी विचारलं नाही. ते कारण असेल असं मानून टाकणं मला सोपं गेलं असतं.

अशा गोष्टी लिहिण्याबद्दल जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी ओळीनं चार रात्री, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत अवघड प्रसंगाबद्दल लिहिलं. घडलेलं आणि त्याबद्दल मनात असलेलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नुसती घटना लिहिणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. पण लिहून झाल्या-झाल्या त्यांना हलकं वाटलं नव्हतं, उलट जास्त वाईट वाटलं होतं. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत एकूण परिणाम लहानच दिसला, आणि सगळ्यांना सारखा नाही. हे सगळं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की झेपेना झालं तर त्याच क्षणी वही मिटायची, डॉक्टरांकडं जायचं. मग त्यांनी चार रात्री ठरवल्या.

पहिल्या रात्री आकडेच लिहिले म्हणे. दुसऱ्या रात्रीनंतर काकू सकाळी माझ्या दारात. "बाई, काय लिवाय लावलासा ह्यांस्नी? जेवलं न्हाईत काल." मी चुपचाप ऐकून घेतलं. थांबवा म्हणायला दिवाणजींकडं गेले, तर ते म्हणाले, दोन रात्री राहिल्यात, अर्धवट कीर्द ठेवायची नसते. मी फार ताणून धरलं नाही. आज विचार केला तर वाटतं, ताणायला हवं होतं, निदान एक दिवस मधे जाऊ द्यायला हवा होता. तिसरी आणि चौथी रात्र झाली. ती पानं मी वाचलेली नाहीत. पाचव्या दिवशी ते जेवले, आणि दुपारी तीन तास झोपले.

काकूंना त्यांनी आठवड्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग शोधा की त्येला." मला हे सुचलं नव्हतं. मी लिहिण्यातच अडकले होते.

ऑगस्टात ते यार्डात जाऊन जुन्या हमालांत चौकशी करून आले. एकानं सांगितलं, तो इचलकरंजीला गेला, मागाच्या कारखान्यात लागला असं ऐकलं. ते दोनदा एसटीनं इचलकरंजीला जाऊन आले. दोन्ही खेपा वहीत आहेत, तिकिटाच्या रकमेसकट, नावे. पहिल्या खेपेखाली एक ओळ : "पत्ता लागला नाही. परत येताना ऊस पुरुषभर वाढलेला बघितला." ती जमेला आहे.

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा. नवी वही आणली, हळदीकुंकू झालं. या वेळी सकाळी ते मुहूर्ताला जाऊन आले, पाहुण्यासारखे मागं उभे राहिले, पेढा घेतला. संध्याकाळी मला बोलावून नवी वही उघडून दाखवली. पुढचं पान नेहमीचं. मग त्यांनी मागून चार पानं उलटली. उचंत. जुन्या वहीतल्या काही नोंदी इथं आल्याच नव्हत्या. भावाची नव्हती, तो भाऊबीजेला बहिणीकडं भेटणार होता आणि त्याला फोन झाला होता. वर एकच ओळ होती, नेहमीच्या अक्षरापेक्षा मोठ्या अक्षरात :

"मागील वहीवरून आणले : ३,६००."